सुशीअक्का घोड्यावर चढली तो दसरा

अप्पा संध्याकाळी कामावरून आले की आधी घोड्यांचा वास घरात यायचा आणि मग अप्पा. आई परसात बंबातलं कढत पाणी काढून ठेवायची, पण कितीही अंघोळ केली तरी तो वास त्यांच्या अंगावरून पुरता जात नसे. मला तो आवडायचा. गवत, घाम, कातडं आणि कसलंसं तेल, असा मिळून तो वास होता. अप्पा पूर्वी महाराजांच्या घोडदळात स्वार होते. राज्यं विलीन झाली, घोडदळ मोडलं, आणि अप्पा रेसच्या घोड्यांच्या तबेल्यात जमादार म्हणून लागले. दुसऱ्यांच्या घोड्यांना खरारा करून घेणं आणि त्यांच्या दाण्यापाण्याकडे बघणं हे आता त्यांचं काम होतं. त्याबद्दल ते कधी काही बोलले नाहीत. फक्त आयुधपूजेला पेटीतून जुना पट्टा आणि रिकिबी काढून पुसायचे, हळदकुंकू लावायचे, आणि तेवढा वेळ घरात कोणी मोठ्यानं बोलायचं नाही.

आमचं घर कॉटनपेटेत. तीन खोल्या, वर मंगळुरी कौलं आणि दारापुढे रस्त्याला लागून दगडी कट्टा. त्याला आम्ही जगली म्हणायचो. भिंतीपलीकडे विणकरांची घरं होती आणि त्यांचे हातमाग सकाळपासून खटक-खट, खटक-खट चालायचे. माग बंद पडले की जेवणाची वेळ झाली असं समजायचं. आमची माणसं पिढ्यान्‌पिढ्या या कानडी मुलखातलीच, त्यामुळे आमच्या मराठीत कानडी कधी आणि किती मिसळलं ते आम्हालाही कळलं नाही. माझी सून पुण्याची आहे. मी लिफ्टपाशी तिला “स्वल्प थांब गं” म्हणते तेव्हा ती अजून हसते. आता आम्ही याच शहराच्या टोकाला, बेळ्ळंदूरला बाराव्या मजल्यावर राहतो. इथे शेजारच्या घरातला आवाज ऐकू येत नाही, माझ्याही घरातला कुणाला जात नसेल.

आम्ही दोघी बहिणी. सुशीअक्का माझ्याहून सात वर्षांनी मोठी. अप्पांना मुलगा नव्हता, म्हणून असेल किंवा नुसतं राहवलं नाही म्हणून असेल, त्यांनी अक्काला आठव्या वर्षीच घोड्यावर बसवलं. रविवारी पहाटे ते आम्हाला तबेल्यात न्यायचे. तिथे चंद्री नावाची एक पांढुरकी घोडी होती. तिचं शर्यतींतलं वय संपलं होतं आणि मालकानं दया येऊन तिला ठेवून घेतलं होतं. अक्का तिच्यावर बसली की तिची पाठ आपोआप ताठ व्हायची. अप्पा मधे उभे राहून सांगायचे, “लगाम ओढायचा नाही सुशी, नुसता धरायचा. तिला कळतं.” मला मात्र कधी ते जमलं नाही. मी लगाम ओढायचीच.

आमच्या लोकांच्या भवानीच्या देवळातून दसऱ्याला पालखी निघे. वालगवाले, म्हणजे सनई-ढोलवाले पुढे, त्यांच्या मागे घोड्यावर राणी, मग पालखी आणि मागे सगळी पेठ. मैदानावरच्या बन्नीच्या, म्हणजे शमीच्या झाडापर्यंत जायचं, पूजा करायची, पानं लुटायची आणि परत यायचं. राणी म्हणजे आमच्यातलीच एखादी मुलगी. हिरवं लुगडं, डोक्याला फेटा, हातात पत्र्याची तलवार. चार वर्षं अक्का राणी झाली. बाकीच्या मुली घोड्यावर जीव मुठीत धरून बसत आणि कोणीतरी घोडं ओढत नेई. अक्काच्या वेळी अप्पा दोरी धरून चालायचे खरे, पण दोरी नुसती लोंबत असायची. लोक जगल्यांवर उभे राहून बघायचे आणि बायका तिच्या अंगावर फुलं टाकायच्या.

मग तुमकूरचं स्थळ आलं. मुलगा शंकर, हायस्कुलात शिक्षक. बोलायला मऊ, उंच, थोडा वाकून चालणारा. त्याचे वडील अंथरुणाला खिळलेले होते, त्यामुळे घरचा सगळा कारभार आई बघायची. सावित्रीबाई त्यांचं नाव. मी पुढे आयुष्यभर मनातल्या मनात त्या बाईला शिव्या दिल्या, पण खरं सांगायचं तर ती वाईट बाई नव्हती. अक्काला बघायला आली तेव्हा तिचा हात हातात घेऊन बसली होती. हुंडा नको म्हणाली. जाता जाता फक्त एक गोष्ट बोलली. “मुलगी घोड्यावर बसते असं कानावर आलंय. लहानपणी झालं ते झालं. आता आमच्या घरात येणार, तर रस्त्यानं चार माणसांत ते नको.”

अप्पा म्हणाले, “सरी, ठीक आहे. माझा शब्द आहे. यापुढे ती बसणार नाही.”

अक्का आतल्या दाराशी उभी होती. तिनं खाली बघितलं. मला वाटलं ती रडेल, पण ती रात्री अंथरुणात माझ्याकडे वळून म्हणाली, “शंकर चांगला आहे गं इंदू. बघताना माझ्या तोंडाकडे बघत होता, हातापायांकडे नाही.” मला त्यातलं काही कळलं नाही. मला एवढंच कळलं की यंदा राणी मी होणार.

सावित्रीबाई आणि शंकर दसऱ्याला जेवायला येणार आणि जेवणानंतर साखरपुड्याचा दिवस ठरणार, असं ठरलं. नऊ दिवस आमच्याकडे साधं जेवण असायचं आणि दसऱ्याला मटण. त्या दिवशी अक्कानं पहाटेच चूल पेटवली. आई म्हणाली, “मी करते, तू नीट नेसून बस.” अक्का म्हणाली, “नाही, ते मीच करणार. त्यांना कळू दे.” पुदिना, कोथिंबीर, हिरव्या मिरच्या आणि ओलं खोबरं तिनं पाट्यावर वाटलं. वाटणात दालचिनी, लवंग आणि त्या काळ्या कळ्या, ज्यांना इथले दुकानदार मराठी मोग्गू म्हणतात. आम्ही मराठी असून त्याला मराठीत काय म्हणतात ते आम्हाला ठाऊक नव्हतं, आणि त्यावरून दर सणाला आमच्यात हसणं व्हायचं. खिम्याचे उंडे तिनं तळहातावर वळले, सगळे एका मापाचे. पुरण वाटून होळग्यांची, म्हणजे पुरणपोळ्यांची तयारी झाली. पलावासाठी सण्णक्की, म्हणजे तो बारीक सुगंधी तांदूळ, धुवून निथळत ठेवला. “मिरवणूक परत आली की पलाव चुलीवर घालायचा,” ती आईला म्हणाली. “पानावर वाफाळताच पडला पाहिजे.”

दुपारी पाहुणे आले. आईनं जगलीवर सतरंजी घातली. सावित्रीबाई बसल्या, शेजारी शंकर, आणि अक्का जांभळं रेशमी नेसून त्यांच्यामागे दाराशी उभी राहिली. हे मी पाहिलं ते घोड्यावरून, कारण पालखी तोवर आमच्या गल्लीत शिरली होती. चंद्रीच्या गळ्यात झेंडूचे हार होते. माझा फेटा सारखा कपाळावर घसरत होता. अप्पा डावीकडून दोरी धरून चालत होते आणि ती दोरी त्यांनी घट्ट धरली होती. माझ्या वेळी ती लोंबत नव्हती. लोक बघत होते, पण फुलं कमी पडत होती. “सुशी नाही का यंदा?” असं एक बाई कानडीत विचारताना मी ऐकलं.

जे पुढे झालं ते मी तीस वर्षं कोणाला सांगितलं नाही. आमच्या घरासमोर वालगवाले थांबले. पाहुण्यांना नमस्कार करावा म्हणून अप्पांनी दोरी कोपरात अडकवली आणि हात जोडले. त्याच वेळी माझ्या मनात आलं की चंद्रीनं जरा नाचावं. अक्काच्या वेळी ती मान उडवत नाचायची तशी. तुमकूरच्या लोकांनी म्हणावं, धाकटीही काही कमी नाही. मी दोन्ही टाचा तिच्या बरगड्यांत जोरानं मारल्या आणि लगाम खेचला. एवढ्यात कोणीतरी समोर फटाक्यांची माळ लावली. चंद्री पुढचे पाय उचलून उभी राहिली. दोरी अप्पांच्या कोपरातून सुटली आणि घोडी वालगवाल्यांवर धावून गेली.

माणसं ओरडत भिंतींकडे पळाली. माझे पाय रिकिबीतून निघाले होते, मी आयाळ धरून तिच्या मानेवर पडले होते. समोर रस्त्याच्या मधोमध शेजारच्या विणकरांची तीन वर्षांची मुलगी एकटीच उभी होती, तोंड उघडं टाकून. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा अक्का चंद्रीच्या तोंडाशी लोंबकळत होती. ती जगलीवरून कधी उडी मारून आली ते मी पाहिलं नाही. तिनं लगाम दोन्ही हातांनी धरला होता आणि घोडी तिला फरफटत नेत होती. अक्का ओरडत नव्हती. नेहमीच्या आवाजात बोलत होती, “हो, हो चंद्रे, हो गं.” घोडी थांबली. त्या मुलीपासून चार पावलांवर थांबली.

अक्कानं मला उतरवलं. मी रस्त्यावर बसले आणि भोकाड पसरलं. विणकरीण आपल्या लेकीला उराशी धरून अक्काच्या पायांशी वाकत होती. देवळातले म्हातारे पुजारी पालखीमागून आले आणि म्हणाले, “राणी खाली उतरली. आता पालखी पुढे कशी न्यायची?” चंद्री अजून थरथरत होती, दुसऱ्या कोणाला जवळ येऊ देत नव्हती. अप्पा धापा टाकत आले. रिकिबीला हात घालून ते अक्काच्या कानाशी वाकले आणि काहीतरी बोलले. वालग पुन्हा सुरू झालं होतं, मला ऐकू आलं नाही. अक्कानं एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग निऱ्या आवरून कासोटा खोचला, माझ्या डोक्यावरचा फेटा काढून आपल्या डोक्याला गुंडाळला आणि ती चढली.

ती परत आली तेव्हा ऊन कलतं झालं होतं. मी आईच्या शेजारी जगलीवर बसले होते. गल्लीच्या तोंडाशी ती दिसली तेव्हा दोन्हीकडून फुलं पडत होती आणि चंद्री मान उडवत चालत होती. दोरी लोंबत होती. अक्का हसत होती. नुसती ओठांनी नाही, सगळ्या चेहऱ्यानं. मी तिला तशी हसताना आधी पाहिली होती की नाही आठवत नाही, नंतर पाहिली नाही एवढं नक्की. शंकर उठून उभा राहिला होता आणि तिच्याकडे बघत होता. त्याच्या तोंडावर राग नव्हता. सावित्रीबाई मात्र मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या, आणि मग त्या हळूच उठून आत गेल्या.

अक्कानं तोंड धुतलं आणि सरळ स्वयंपाकघरात गेली. तिचे तळहात लगामानं सोलले गेले होते. आईनं त्यांवर हळद भरली, चिंध्या बांधल्या. “आता तरी मला करू दे,” आई म्हणाली. अक्का म्हणाली, “तू बस गं आई.” चिंध्या बांधलेल्या हातांनी तिनं तुपात कांदा परतला, मसाला घातला, मटण घातलं. पुदिन्याचा वास घरभर झाला. पातेल्याच्या झाकणावर निखारे ठेवताना ती काहीतरी गुणगुणत होती. आईनं हळू आवाजात विचारलं, “बाई काही बोलली तर?” अक्का म्हणाली, “अप्पा आहेत ना.” तिला कसलीच काळजी वाटत नव्हती. आज मी त्या संध्याकाळकडे बघते तेव्हा मला तिचं ते गुणगुणणं सगळ्यात जास्त टोचतं.

दिवे लागले तशी पानं मांडली. सावित्रीबाई, शंकर आणि अप्पा जेवायला बसले. आई आणि अक्का वाढत होत्या, मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी. सगळे निमूट जेवले. सावित्रीबाईंनी पलाव दोनदा घेतला. उंड्यांचं सारू, म्हणजे रस्सा, त्यांनी पानावर थोडं आणखी मागितलं. मला वाटलं, सगळं निभावलं. मग होळगी वाढायच्या वेळी त्यांनी हात थांबवला आणि अप्पांना म्हणाल्या, “एक विचारते. खरं सांगा.”

“विचारा,” अप्पा म्हणाले.

“पोर वाचलं, देवीची कृपा. घोडा धरला त्याबद्दल मी काही म्हणणार नाही. मीसुद्धा धावले असते. पण नंतर ती चढली. तुम्ही शब्द दिला होता. तुम्ही तिला चढ म्हणून सांगितलंत का?”

अक्का होळग्यांची परात घेऊन उभी होती. तिनं अप्पांकडे बघितलं. चेहरा मोकळा होता, जवळजवळ हसरा. अप्पांनी पानाकडे बघितलं.

“नाही,” ते म्हणाले. “मी सांगितलं नाही. मी शब्द मोडणारा माणूस नाही. पोरगी जरा हूड आहे, तिच्या मनात आलं आणि चढली. लग्न झालं की समजेल तिला.”

सावित्रीबाई पाण्याचा घोट प्यायल्या. मग म्हणाल्या, “तुम्ही सांगितलं असतंत तर गोष्ट वेगळी होती. देवीचं काम अडलं होतं, बापानं सांगितलं, पोरीनं ऐकलं. मी गावात कोणालाही तोंड वर करून सांगितलं असतं. पण बापानं दिलेला शब्द पायाखाली घालून ती आपल्या मनानं चढली. आणि हसत होती. मी पाहिलं. माझ्या घरात आजारी माणूस आहे, मला माझं ऐकणारी मुलगी हवी. रागावू नका.”

अप्पांनी पानावरची शितं एका कडेला लोटली. मी तांब्या धरून उभी होते. माझ्या जिभेवर होतं, टाच मी मारली, सगळं माझ्यामुळे झालं. ते तिथेच राहिलं. शंकरनं एकदाच “आई” म्हटलं. अक्कानं प्रत्येकाच्या पानावर होळगी वाढली, वर तूप घातलं आणि ती आत गेली.

ते लोक हात धुऊन निघाले, त्यांना गाडी गाठायची होती. सावित्रीबाईंनी आईकडून कुंकू लावून घेतलं आणि म्हणाल्या, “जेवण फार चांगलं झालं.” ते मनापासून म्हणाल्या होत्या. त्यानंतर आम्ही चौघं जेवायला बसलो नाही. पलावाचं पातेलं दुसऱ्या दिवशी विणकरांकडे गेलं.

गोष्ट पेठेत फिरली आणि फिरता फिरता बदलली. मुलगी बापाचं ऐकत नाही, असं तिचं रूप झालं. दोन वर्षं स्थळं आली नाहीत. अप्पांनी मिरवणुकीत जाणं सोडलं. पुढच्या दसऱ्याला राणी लॉरीवर खुर्चीत बसली, मुलगी दुसऱ्याच कोणाची होती. अप्पा आणि अक्का एका घरात राहत होते, ती त्यांना ताट वाढायची, पाणी काढून द्यायची, आणि मला आठवतं तेवढं त्या दोघांत “हो” आणि “नाही” यापलीकडे बोलणं उरलं नाही. शेवटी बळ्ळारीच्या एका बिजवरानं मागणी घातली. त्याची खाणावळ होती आणि आधीच्या बायकोची दोन मुलं. अक्का काही न बोलता गेली. मी शिकले, शिक्षिका झाले, माझं लग्न चांगल्या घरी झालं. अप्पा एका पावसाळ्यात चार दिवसांच्या तापानं गेले. अक्का आली, सगळं रीतीनं केलं, डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. मला त्या वेळी ती कठोर वाटली.

मी बळ्ळारीला तिच्याकडे एकटी गेले तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती. खाणावळीच्या मागच्या बाजूला तिचं स्वयंपाकघर होतं. भिंती धुरानं काळ्या, तीन चुली, आणि मधोमध अक्का. केस पिकलेले, हात कोपरापर्यंत भाजल्याच्या डागांचे. रोज चाळीस-पन्नास माणसांचा पलाव ती एकटी करायची. मी तिच्या शेजारी पाटावर बसले आणि तिथे, कांदा चिरता चिरता, तिला टाचेची गोष्ट सांगितली. तीस वर्षं कोंडलेलं एकदम बाहेर पडावं तशी सांगितली. मला रडू फुटलं.

“ठाऊक आहे,” अक्का म्हणाली. “मी दारातून बघत होते ना. टाच मारलेली दिसली मला.”

“मग बोलली का नाहीस?”

“काय बोलायचं? बारा वर्षांची होतीस.” तिनं झाकण उचलून तांदूळ बघितला, पुन्हा ठेवलं. “तुझ्यामुळे काही मोडलं नाही, इंदू. अप्पाच मला म्हणाले होते. रिकिबीला हात लावून, कानात. ‘चढ सुशी, मी बघून घेतो.’”

अप्पांचं ते “नाही” मला जन्मभर खऱ्या माणसाचं “नाही” वाटत आलं होतं. मुलांना मी शाळेत त्यांचं उदाहरण दिलं होतं.

“त्यांना वाटलं असेल, पोरीवर ढकललं तर पोरपण म्हणून सोडून देतील,” ती म्हणाली. “त्यांनी वाईट म्हणून नाही केलं.”

“तू तिथल्या तिथे सांगायचं होतंस, अक्का. हेच म्हणाले म्हणून.”

“पाहुण्यांसमोर? आपल्याच पानावर बसून बाप खोटं बोलतो म्हणून?” तिनं चुलीत लाकूड सारलं. “मी वाट बघितली. ते गेल्यावर रात्री म्हणतील, दुसऱ्या दिवशी म्हणतील. नुसतं मला म्हणाले असते तरी चाललं असतं.”

बाहेरून तिच्या नवऱ्याचा आवाज आला, चार पलाव, दोन सारू. अक्कानं पदराला हात पुसले, ताटं ओळीनं मांडली आणि वाढायला घेतलं. मी डोळे पुसून उठले, एक ताट हातात घेतलं. तिनं ते माझ्या हातातून काढून घेतलं, रागानं नाही, हळूच.

“तू बस,” ती म्हणाली. “पाहुणी आहेस तू.”